ठिणगीविना पेटणारे इंजिन आणि त्याचा जनक

विशेष प्रतिनिधी

डिसेंबर-जानेवारीत निफाड किंवा महाबळेश्वरच्या परिसरात पहाटेचा पारा घसरला, की जुन्या डिझेल गाडीचा चालक थेट सेल्फ मारत नाही. तो आधी हीटर देतो, काही क्षण थांबतो आणि मगच किल्ली पुढे फिरवतो. शेजारची पेट्रोल गाडी एव्हाना फाटकाबाहेर पडलेली असते. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी असते आणि बाहेर गारठा असला तरी ती इंधन पेटवू शकते. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. तेथे हवा इतकी दाबली जाते, की त्या दाबानेच ती तापते आणि तापलेल्या हवेत शिरलेले इंधन आपोआप पेट घेते. पण ही हवा पुरेशी तापलीच नाही तर? मग इंजिन नुसते फिरत राहते, पांढरा धूर ओकते, बॅटरी उतरते आणि गाडी जागची हलत नाही.

उष्णता वाया जाऊ द्यायची नाही, या एका ध्यासातून हे इंजिन जन्माला आले. आणि उष्णता वाया जाते म्हणूनच थंडीत ते अडून बसते. हाच विरोधाभास त्याचा जनक रुडॉल्फ डिझेल याच्या आयुष्यालाही व्यापून उरला आहे. ज्याचे नाव देशोदेशीच्या पंपांवर रोज कोट्यवधी लोक वाचतात, ते एका माणसाचे आडनाव आहे हेही अनेकांना ठाऊक नसते. तो माणूस श्रीमंती, कीर्ती आणि कर्ज यांच्या चक्रात सापडून वयाच्या अवघ्या ५५व्या वर्षी समुद्रात नाहीसा झाला.

पॅरिसचा जर्मन मुलगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील थिओडोर हे मूळचे ऑग्सबर्गचे बुकबाइंडर. पॅरिसमध्ये ते कातडी वस्तूंचा छोटा व्यवसाय करीत. आई एलिझ न्युरेंबर्गची. घरची परिस्थिती बेताचीच होती. तयार माल गिऱ्हाइकांकडे पोहोचविण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. शाळेत तो हुशार होता आणि पॅरिसच्या तांत्रिक संग्रहालयातील जुनी यंत्रे पाहण्याचा त्याला नाद होता.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधील जर्मन कुटुंबांवर शहर सोडण्याची वेळ आली. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथे मुलांचे शिक्षण परवडण्याजोगे नव्हते. बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. त्याला सांभाळणारे क्रिस्टोफ बार्निकेल तेथील औद्योगिक शाळेत गणित शिकवीत. आईवडिलांपासून दूर, पण पुस्तकांच्या आणि यंत्रांच्या सहवासात या मुलाने आपले भवितव्य ठरवून टाकले. आपण इंजिनीअर होणार, असे त्याने चौदाव्या वर्षीच घरी कळविले होते.

ऑग्सबर्गच्या शाळेच्या संग्रहात एक वायवीय लायटर होता, असे सांगितले जाते. काचेच्या नळीत दट्ट्या झटक्यात खाली दाबला, की आतील हवा तापून तळाशी ठेवलेला कापूस पेटे. आग्नेय आशियातील लोक याच तत्त्वावर पिढ्यान्‌पिढ्या अग्नी पेटवीत आले होते. या खेळण्यातूनच पुढचे इंजिन सुचले, असे म्हणणे कदाचित अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि दट्ट्या झटक्यात दाबला तरच कापूस पेटतो, सावकाश दाबला तर हवेतील ऊब काचेत मुरून जाते, हा त्या नळीचा धडा थंडीतल्या प्रत्येक डिझेल गाडीला आजही लागू आहे.

बर्फाच्या कारखान्यातील इंजिनीअर

१८७५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून रुडॉल्फ म्युनिचच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. तेथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू लाभले. शीतकरण यंत्रांचे जनक म्हणून लिंडे यांची ख्याती आहे. १८७८ च्या उन्हाळ्यातील एका व्याख्यानात लिंडे यांनी विद्यार्थ्यांना वाफेच्या इंजिनाचा हिशेब मांडून दाखविला. जळणाऱ्या कोळशातील शंभर भाग उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा भागच प्रत्यक्ष कामी येतात, उरलेले सारे हवेत आणि पाण्यात निघून जातात, असे तो हिशेब सांगत होता. फ्रेंच शास्त्रज्ञ सादी कार्नो याने दाखविलेल्या आदर्श चक्राच्या जवळ जाणारे इंजिन बनविता येईल काय, हा विचार वीस वर्षांच्या रुडॉल्फने वहीच्या कडेला टिपून ठेवला. पुढची पस्तीस वर्षे तो त्याची पाठ सोडणार नव्हता.

१८७९ मध्ये टायफॉइडमुळे त्याची परीक्षा हुकली. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील सुल्झर बंधूंच्या कारखान्यात प्रत्यक्ष काम केले आणि १८८० च्या जानेवारीत अव्वल गुणांनी पदवी मिळविली. लिंडे यांनी त्याला लगेच पॅरिसमधील आपल्या बर्फाच्या कारखान्याच्या उभारणीवर पाठविले. वर्षभरातच तो तेथील संचालक झाला. १८८३ मध्ये त्याने मार्था फ्लाशे हिच्याशी विवाह केला. या दांपत्याला तीन अपत्ये झाली.

उष्णतेच्या इंजिनाचे स्वप्न पाहणारा माणूस दहा वर्षे पोटासाठी बर्फ तयार करीत होता. वरकरणी ही विसंगती वाटते. पण शीतकरण म्हणजे तरी काय? वायू दाबला की तापतो, मोकळा सोडला की थंड होतो, या एकाच नियमाच्या दोन बाजू. दाब, तापमान आणि भिंतींतून झिरपणारी उष्णता यांचा रोजचा व्यवहार रुडॉल्फने बर्फाच्या कारखान्यातच अंगवळणी पाडून घेतला. फावल्या वेळात अमोनियाच्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनाचे प्रयोग त्याने अनेक वर्षे केले. ते फसले. पण वाफेऐवजी साध्या हवेलाच खूप दाबून तापवावे आणि त्या हवेत इंधन सोडावे, ही कल्पना त्याच प्रयोगांच्या राखेतून वर आली.

ऑग्सबर्गची चार वर्षे

१८९० मध्ये रुडॉल्फ बर्लिनला आला. १८९२ च्या फेब्रुवारीत त्याने आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी पेटंट त्याच्या हाती पडले. १८९३ मध्येच आपली उपपत्ती मांडणारी पुस्तिका त्याने प्रसिद्ध केली. त्यातील कागदावरचे इंजिन ७० टक्क्यांहून अधिक उष्णता कामी लावणार होते. हा दावा इतका धाडसी होता, की अनेक कारखानदारांनी त्याला वाटेला लावले. अखेर ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुट्‌झ यांनी प्रयोगाची तयारी दाखविली. पोलादसम्राट क्रुपही पाठीशी उभे राहिले.

पहिले यंत्र १८९३ च्या उन्हाळ्यात उभे राहिले. त्याच्या सिलिंडरभोवती थंड पाण्याचे आवरण नव्हते. उष्णता वाचविण्यासाठी इंजिन बनवायचे, मग तिला पाण्यात कशाला घालवायचे, असा रुडॉल्फचा तर्क होता. १० ऑगस्ट १८९३ रोजी कारखान्याच्या पट्ट्याने ते यंत्र फिरवून त्यात प्रथमच इंधन सोडण्यात आले. स्फोट झाला, दाब ८० वातावरणांपर्यंत उसळला आणि दाब मोजणाऱ्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या. जवळ उभे असलेले लोक थोडक्यात बचावले. रुडॉल्फला मात्र त्या ठिकऱ्यांतही यश दिसले. ठिणगीवाचून, ज्योतीवाचून, केवळ दाबलेल्या हवेत इंधन पेटते हे सिद्ध झाले होते.

त्यानंतर दुरुस्त्यांची मालिकाच सुरू झाली. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर फिरले, तेही सुमारे मिनिटभरच. पुढची तीन वर्षे इंधन आत सोडण्याची रीत बदलण्यात, गळती थांबविण्यात आणि कागदावरचे आकडे वास्तवाच्या जवळ आणण्यात गेली. पाण्याचे आवरण नाही, हा हट्टही सोडावा लागला. पोलादाच्या भिंती थंड ठेवल्या नाहीत तर वंगण टिकत नाही आणि दट्ट्या अडकतो. भिंती थंड ठेवल्या तर उष्णता त्यांत जाते. या कात्रीतून सुटका नाही, हे ऑग्सबर्गमध्येच स्पष्ट झाले होते.

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिचचे प्राध्यापक मोरिट्‌झ श्रोटर यांनी तिसऱ्या यंत्राची अधिकृत चाचणी घेतली. सुमारे २० अश्वशक्तीच्या त्या एकाच सिलिंडरच्या इंजिनाने इंधनातील २६.२ टक्के उष्णता कामी लावल्याची नोंद झाली. पुस्तिकेतल्या आकड्याच्या तुलनेत हा आकडा थोटका होता. पण त्या काळच्या कोणत्याही उष्णता इंजिनापेक्षा तो सरस होता. वाफेच्या इंजिनाच्या तर तो दुपटीहून अधिक होता. ते यंत्र आज म्युनिचच्या जर्मन संग्रहालयात पाहावयास मिळते.

हे इंजिन थंड असताना सुरू कसे होई? त्याला टाकीत साठविलेल्या दाबाच्या हवेचा जोरदार धक्का दिला जाई आणि चाक पुरेशा वेगाने फिरू लागे. कारखान्यात टाकी ठेवायला जागा होती, माणूस होता, वेळही होता. इंधन आत फवारण्यासाठीही दाबाची हवाच वापरीत आणि त्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर लागे. साहजिकच हे इंजिन कारखान्यात आणि पुढे जहाजात शोभले. मोटारीत बसविण्याजोगे ते नव्हते.

रुडॉल्फच्या आधी, १८९० मध्ये, इंग्लंडच्या हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट याने जड तेलावर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले होते. त्या इंजिनाच्या डोक्यावरील फुगा ब्लोलॅम्पच्या ज्योतीने काही मिनिटे बाहेरून तापवावा लागे. मगच ते सुरू होई. आपल्या इंजिनाला बाहेरची ज्योत लागत नाही, याचा रुडॉल्फला अभिमान होता. जाणकारांमध्ये दोघांच्या श्रेयाचा वाद मात्र दीर्घकाळ चालला.

कीर्तीचा कळस आणि तडा

श्रोटर यांच्या अहवालानंतर परवान्यांसाठी रांग लागली. अमेरिकेतील बिअर उद्योजक अ‍ॅडॉल्फस बुश यांनी आपल्या देशातील हक्कांसाठी दहा लाख मार्क मोजले. चाळिशीत पाऊल टाकताना रुडॉल्फ लक्षाधीश झाला. म्युनिचमधील उच्चभ्रू वस्तीत त्याचा आलिशान बंगला उभा राहिला.

पण पैसा ज्या वेगाने आला, त्या वेगाने इंजिन परिपक्व होत नव्हते. विक्रीसाठी तयार झालेल्या पहिल्या इंजिनांपैकी एक १८९८ मध्ये केम्प्टन येथील आगकाड्यांच्या कारखान्यात बसले. काडीवाचून पेटणारे इंजिन काड्यांच्या कारखान्यात जावे, हा योग मोठा गमतीचा. पण त्याच्या तक्रारींनी निर्मात्यांना जेरीस आणले. इतर ठिकाणांहूनही इंजिने परत येऊ लागली. प्रयोगशाळेत निष्णात हातांखाली चालणारे यंत्र सामान्य कामगाराच्या हाती टिकण्यास आणखी काही वर्षांची मेहनत लागली आणि ती प्रामुख्याने ऑग्सबर्गच्या अभियंत्यांनी केली. टीका, पेटंटवरील दावे आणि कामाचा ताण यांमुळे १८९८ च्या अखेरीस रुडॉल्फ खचला. काही महिने त्याला म्युनिचजवळच्या आरोग्यधामात काढावे लागले.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. याच प्रदर्शनात एक छोटे इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. वनस्पतिजन्य तेलांना पुढे महत्त्व येईल, असे मत रुडॉल्फने नंतर जाहीरपणे मांडले होते. १९१२ मध्ये सेलंडिया हे डॅनिश मालवाहू जहाज डिझेल इंजिनाच्या बळावर कोपनहेगनहून बँकॉकच्या दीर्घ सफरीवर निघाले. कोळशाचा धूर ओकणारी चिमणी नसलेले ते जहाज पाहण्यासाठी बंदरांवर गर्दी लोटे.

माणूस म्हणून रुडॉल्फ केवळ यंत्रांत रमणारा नव्हता. छोट्या कारागिराला परवडेल असे इंजिन निघाले तर बड्या कारखान्यांची मक्तेदारी मोडेल, अशी त्याची श्रद्धा होती. कामगारांच्या सहकारी मालकीचा विचार मांडणारे पुस्तक त्याने १९०३ मध्ये लिहिले. ते फारसे कोणी विकत घेतले नाही. व्यवहारात मात्र त्याचा हिशेब वारंवार चुकत गेला. तेलाच्या उद्योगातील आणि म्युनिचच्या जमिनींतील गुंतवणूक बुडाली. ज्याने उष्णतेचा कण अन् कण मोजला, त्याला पैशाची गळती वेळेवर दिसली नाही.

१९१२ च्या नोव्हेंबरात बर्लिनमधील जहाजबांधणी तज्ज्ञांच्या सभेत त्याने इंजिनाच्या जन्माची हकिकत मांडली. तेथे त्याच्यावर बोचरी टीका झाली. पेटंटात सांगितलेले इंजिन आणि प्रत्यक्ष चालणारे इंजिन वेगळेच आहे, मग ते त्याचे कसे, असा टीकाकारांचा सवाल होता. १९१३ मध्ये आखेन येथील प्राध्यापक ल्युडर्स यांनी तर डिझेल नावाची दंतकथा मोडून काढण्यासाठी स्वतंत्र पुस्तकच लिहिले. टीका संपूर्ण निराधार नव्हती. कागदावरचे ७० टक्के आणि प्रत्यक्षातले २६ टक्के यांतील अंतर खरे होते. परंतु हवा दाबून इंधन पेटविता येते आणि त्यातून इतरांहून अधिक काम मिळते, हा गाभा त्याचाच होता आणि तो टिकला.

ड्रेसडेन बोटीवरील रात्र

२९ सप्टेंबर १९१३ रोजी रुडॉल्फ बेल्जियममधील अँटवर्प येथून ड्रेसडेन या बोटीने इंग्लंडकडे निघाला. इंग्लंडमधील डिझेल कंपनीच्या बैठकीला त्याला उपस्थित राहायचे होते. सोबत दोन सहकारी होते. तिघांनी एकत्र भोजन केले, डेकवर फेरफटका मारला. रात्री दहाच्या सुमारास, सकाळी सव्वासहाला उठविण्याची सूचना देऊन तो आपल्या खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपल्याची खूण नव्हती. रात्रीचा पोशाख नीट मांडून ठेवलेला होता आणि घड्याळ बिछान्यावरून दिसेल असे टांगलेले होते. त्याची टोपी आणि कोट डेकवर सापडले.

सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना समुद्रात एक मृतदेह दिसला. अंगावरील काही वस्तू काढून घेऊन त्यांनी तो पुन्हा पाण्याच्या स्वाधीन केला. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे मुलगा ऑयगेन याने ओळखले. निघण्यापूर्वी रुडॉल्फने पत्नीकडे एक बॅग देऊन ती आठवडाभर उघडू नको, असे बजावले होते. त्या बॅगेत २० हजार मार्क होते. बँकेतील खाती रिकामी आणि कर्जाचा डोंगर, अशी त्याच्या संसाराची अवस्था तेव्हा उघड झाली.

पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरील त्या दिवसांत घातपाताच्या अनेक वावड्या उठल्या. पैकी एकीलाही पुरावा मिळाला नाही. बहुतेक चरित्रकारांचा कल आत्महत्येकडे आहे.

मोटारीसाठी उसनी ऊब

रुडॉल्फच्या हयातीत त्याचे इंजिन मोटारीत बसू शकले नाही. ते काम इतरांनी पुरे केले. बेन्झ कंपनीचे अभियंते प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये पूर्वकक्षाची कल्पना पेटंट केली. मुख्य सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटी कुपी. इंधन आधी तिच्यात पेटते आणि त्या ज्वाळा अरुंद वाटेने सिलिंडरमध्ये शिरतात. यामुळे इंधन फवारण्यासाठी दाबाच्या हवेची आणि अवजड कॉम्प्रेसरची गरज संपली. १९२३-२४ मध्ये जर्मनीत पहिले डिझेल ट्रक तयार झाले. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ मध्ये इंधन पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिन रस्त्यावर उतरण्याचा मार्ग मोकळा झाला. फेब्रुवारी १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेन्झची २६० डी ही डिझेल मोटार लोकांसमोर आली. ४५ अश्वशक्तीची ही गाडी तेल कमी पीत असल्याने टॅक्सीचालकांची लाडकी ठरली.

पूर्वकक्षाने एक प्रश्न सोडविला आणि दुसरा निर्माण केला. छोट्या कुपीत हवेच्या मानाने धातूची भिंत मोठी असते. थंड सकाळी दाबून तापविलेल्या हवेतील ऊब ती भिंतच शोषून घेते. त्यात गारठ्याने घट्ट झालेले वंगण तेल इंजिनाला वेगाने फिरू देत नाही. सावकाश फिरणाऱ्या दट्ट्याच्या कडेने हवा निसटते आणि उरलेल्या हवेला थंड व्हायला जास्त वेळ मिळतो. वायवीय लायटरच्या काचेच्या नळीचा धडा पुन्हा एकदा लागू झाला. म्हणून त्या कुपीत विजेवर लाल होणारी एक तार बसविण्यात आली. हाच ग्लो प्लग. आपल्याकडील गॅरेजमधला हीटर प्लग. बाहेरची ज्योत नको म्हणून अभिमान बाळगणाऱ्या इंजिनाला अखेर सुरुवातीच्या क्षणांपुरती उसनी ऊब घ्यावी लागली.

सुरुवातीच्या तारेच्या प्लगांना तापायला मिनिटभर लागे. ते एकामागोमाग एक असे जोडलेले असत; त्यामुळे एक जळाला की सगळेच बंद पडत. पुढे धातूच्या बंद नळीत तार असलेले, पेन्सिलीच्या आकाराचे प्लग आले. ते प्रत्येकी स्वतंत्रपणे बॅटरीला जोडलेले असतात. एक गेला तरी गाडी सुरू होते, पण एक सिलिंडर मागे राहतो, इंजिन थरथरते आणि पांढरा धूर येतो. हा धूर म्हणजे न जळलेले इंधन होय.

जुन्या गाडीची थंड सकाळ

पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्समुळे डिझेल इंजिन मराठी शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत पोहोचले. झडप उघडी ठेवून हँडल मारायचे, चाकाने वेग घेतला की झडप सोडायची, ही युक्ती खेड्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक होती. वेगाने दाबल्यावाचून हवा तापत नाही, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. शहरात डिझेल अ‍ॅम्बॅसिडर आणि जीप यांनी हाच धडा दिला.

हौसेने जुनी डिझेल गाडी सांभाळणाऱ्यांनी थंडीत काही गोष्टी ध्यानात ठेवणे इष्ट. हीटरला पुरा वेळ द्यावा. पहिल्या प्रयत्नात इंजिन पेटले नाही तर सेल्फ मारीतच राहू नये. दहा-पंधरा सेकंदांनंतर थांबावे, बॅटरीला दम खाऊ द्यावा आणि पुन्हा हीटर देऊनच प्रयत्न करावा. कडक थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि नेमक्या त्याच वेळी प्लग आणि सेल्फ दोन्ही तिच्याकडे हात पसरतात. म्हणून बॅटरी आणि तिची टोके हिवाळ्यापूर्वी तपासून घ्यावीत. वंगण तेल कंपनीने सांगितलेल्या, थंडीला योग्य अशा प्रतीचे असावे. सर्व प्लग चांगले असूनही गाडी अडत असेल, तर रिंगा आणि झडपा झिजून दाब कमी झाला आहे काय, हे पाहावे. दाबच नसेल तर कितीही उसनी ऊब पुरत नाही.

काही जण हवेच्या वाटेने ईथरचा फवारा मारतात. ज्या इंजिनात हीटर प्लग आहेत त्यात हे अत्यंत धोक्याचे आहे. लाल झालेल्या प्लगवर ईथर अवेळी भडकते आणि दट्ट्या किंवा डोके फुटू शकते. इंजिनाखाली शेगडी किंवा पेटते बोळे ठेवण्याचा जुना उपाय तर गाडीसकट घर पेटविणारा आहे. कॅनडा, फिनलंडसारख्या देशांत यासाठी इंजिनाच्या पाण्यात विजेचा हीटर बसविलेला असतो. रात्री किंवा पहाटे काही तास तो चालू ठेवला, की पाणी, पोलाद आणि काही अंशी तेलही कोमट राहते. तेथील वाहनतळांवर त्यासाठी विजेची बटणे असतात. गाडी सुरू झाल्यावर लगेच जोरात रेस करणेही टाळावे. तेल सर्वत्र पोहोचायला अवधी लागतो.

फार कडाक्याच्या थंडीत अडचण इंजिनाच्याही आधी, टाकीतच सुरू होते. डिझेलमधील मेणाचे कण गोठतात आणि फिल्टर तुंबतो. अशा वेळी हीटर प्लग निरुपयोगी ठरतो. लडाखसारख्या भागासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणले. उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत ते प्रवाही राहते.

आधुनिक डिझेल गाड्यांत इंधन अतिउच्च दाबाने थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. पूर्वकक्षाची थंड भिंत गेली आणि प्लग काही सेकंदांत तापू लागले. त्यामुळे नव्या पिढीच्या चालकांना हा सारा खटाटोप ठाऊक नाही. शहरांतील हवेच्या प्रश्नामुळे डिझेल मोटारींचे दिवसही आता पालटले आहेत. तरीही मालवाहू जहाजे, ट्रक आणि शेतातील यंत्रे अजून मोठ्या प्रमाणावर याच तत्त्वावर फिरतात.

ऑग्सबर्गच्या एका उद्यानात रुडॉल्फ डिझेलचे दगडी स्मारक आहे. ते त्याच्या देशवासीयांनी नव्हे, तर यानमार या जपानी इंजिन कंपनीचे संस्थापक मागोकिची यामाओका यांनी १९५७ मध्ये भेट दिले. छोट्या माणसाच्या हाती छोटे इंजिन द्यावे, हे रुडॉल्फचे स्वप्न यामाओका यांनी १९३३ मध्ये लहान डिझेल इंजिन बनवून पुरे केले होते. रुडॉल्फला कागदावरचे ७० टक्के कधीच मिळाले नाहीत. पण त्याने पेटविलेली हवा विझली नाही. तिला फक्त वेळोवेळी कोणीतरी थोडी ऊब द्यावी लागली.